शीटचा कॉलबॅक संपला म्हणजे नेमकं काय संपलं?

बर्डीवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न तांत्रिक आहे, पण गोष्ट संत्र्याची आहे. तेव्हा ज्यांना जावास्क्रिप्टचं वावडं आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही.

आम्ही तिघं मित्र मिळून नागपुरात छोटीमोठी कामं घेतो. सध्याचं गिऱ्हाईक म्हणजे कळमना मार्केटमधलं एक अडत दुकान. त्यांना शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, ब्राउझरमध्ये करायची आहे. मुनीमजींची अट एकच: "दिसायला एक्सेल पाहिजे, नाहीतर मी हात लावणार नाही." म्हणून फॉर्मच्या भानगडीत न पडता पानावर सरळ स्प्रेडशीटचा तयार कंपोनंट बसवला. क्रेट, वजन, भाव टाकायचा, हमाली-तोलाई वजा होते, खाली निव्वळ रक्कम येते. शीटच्या बाहेर, पानाच्या वरच्या भागात दिवसाची एकूण बेरीज आणि "पट्टी पक्की करा" हे बटण.

मी काय केलं, शीटचा एंडकॉलबॅक इव्हेंट (काही घडलं की कोडला मिळणारी सूचना) धरला. म्हटलं, सर्व्हरकडे जाऊन आलं की हा वाजणारच, तेव्हाच बेरीज ताजी करू आणि बाकीची जुळवाजुळवही तिथेच उरकू. माझ्या मशिनवर सगळं मक्खन. बाजारात लावलं आणि रडारड सुरू. एकाच पट्टीच्या चार-चार नोंदी पडतात. शेवटच्या खान्यात टाकलेला भाव कधी कधी सेव्हच होत नाही, जुनाच राहतो. आणि मधूनच लाल अक्षरात एरर येऊन शीट कोरी होते. मुनीमजी परत वहीवर गेले आहेत. रोज सकाळी फोन येतो, "बाबू, तुमचं यंत्र आजही आजारी आहे."

क्लायंट साइडला, म्हणजे ब्राउझरच्या बाजूला, कोणता इव्हेंट कशासाठी धरायचा, कोणी नीट समजावून सांगेल का?

तर्री_जास्त

पहिला मी! काही समजलं नाही. पण मुनीमजी बरोबर आहेत.

सदाशिवपेठी

"एक्सेलसारखं हवं" म्हणणाऱ्याला एक्सेल द्यावं, हा आमचा साधा हिशेब. फारच वेबची हौस असेल तर गूगल शीट्स आहे. त्यात ऑनएडिट नावाचं फंक्शन लिहिलं की माणसाने खाना बदलल्यावरच ते चालतं. स्क्रिप्टने केलेला बदल किंवा सूत्राचा नुसता पुनर्हिशेब त्याला उठवत नाही. तुमचे निम्मे प्रश्न तिथेच मिटले असते.

बर्डीवाला

@सदाशिवपेठी, कल्पना आहे. पण त्यांचा जुना डेटाबेस आहे, खरेदीदारांची उधारी त्यात, मागच्या कित्येक हंगामांचा हिशेब त्यात. शिवाय दोन मुनीम एकाच वेळी बसतात. ऑनएडिटसारख्या साध्या ट्रिगरला ३० सेकंदांची मर्यादा आहे आणि त्यातून परवानगी लागणाऱ्या सेवांना हातच लावता येत नाही. आमच्या कामाचं नाही ते.

कोराडी_रोड

अडत शेतकऱ्याच्या पट्टीत कापून राहिले का बे? फळं-भाजीपाल्याची अडत २०१६ पासून खरेदीदाराकडून घ्यायची आहे.

बर्डीवाला

नाही भाऊ, पट्टीत फक्त हमाली-तोलाई. अडत खरेदीदाराच्या बिलात. आता मूळ प्रश्नावर येता का?

जुना_फॉर्मवाला

येतो. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टचं एएसपी डॉट नेट २.० आलं तेव्हापासून मी या कॉलबॅकच्या नादी लागलो आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी पोस्टबॅक होता. बटण दाबलं की अख्खं पान पांढरं व्हायचं, वर फिरणारं चक्र, आणि मग पान परत. कॉलबॅकमध्ये पान जागेवर राहतं. मागच्या दाराने एक विनंती सर्व्हरकडे जाते, उत्तर येतं आणि तेवढाच तुकडा बदलतो. कंपोनंटवाले या फेरीच्या दोन्ही टोकांना इव्हेंट देतात. बिगिनकॉलबॅक म्हणजे चहाला पाठवलेला पोरगा निघाला. एंडकॉलबॅक म्हणजे पोरगा परत आला. एवढंच. चहा आणला, पान आणलं, की टपरी बंद म्हणून हात हलवत आला, हे "परत आला" या बातमीत नसतं.

तुझी पहिली चूक ही. तू "परत आला" ही बातमी "पट्टी बदलली" अशी वाचतो आहेस. शीटचा कंपोनंट सर्व्हरशी अनेक कारणांनी बोलतो, नुसता खान्यातला आकडा बदलला म्हणूनच नाही. बिगिनकॉलबॅक आणि एंडकॉलबॅक या दोन्हीत एक-एक ओळीची कन्सोल नोंद टाक आणि दिवसभर नुसतं पाहा किती वेळा वाजतं. डोळे उघडतील.

कंपोनंट कोणता आहे तेही सांग. मी डेव्हएक्स्प्रेस कंपनीचं एएसपीएक्स स्प्रेडशीट वापरलं आहे. त्यात कॉलबॅकच्या जोडीखेरीज डॉक्युमेंटचेंज्ड आहे, तो दस्तऐवजात बदल झाला की वाजतो. आणि बिगिनसिंक्रोनायझेशन-एंडसिंक्रोनायझेशन ही वेगळी जोडी आहे. ब्राउझरमधला बदल सर्व्हरवरच्या प्रतीला लागू व्हायला निघाला आणि लागू झाला, असे तिचे दोन क्षण. बेरीज ताजी करायला तुला हवा आहे तो हा दुसरा क्षण.

बर्डीवाला

तेच आहे, डेव्हएक्स्प्रेसचं. ती सिंक्रोनायझेशनची जोडी मी डॉक्युमेंटेशनमध्ये पाहिली होती, पण नाव पाहून वाटलं की हे काहीतरी अनेक जण एकत्र काम करतात त्यासाठी असेल. सोडून दिली.

तर्री_जास्त

चहाचा पोरगा समजला. पुढचं नाही समजलं. चालू द्या.

धंतोलीची_मेघा

मला त्या चार-चार नोंदींचं कुतूहल आहे, कारण एंडकॉलबॅक जास्त वेळा वाजल्याने बेरीज जास्त वेळा काढली जाईल, पण नोंद का पडावी? नोंद तर बटणाने पडते ना?

बर्डीवाले, एक सांगा. सकाळची पहिली पट्टी करता तेव्हा नोंद एकच पडते का? आणि दुपारकडे संख्या वाढत जाते का?

बर्डीवाला

थांबा, डेटाबेस पाहून सांगतो.

बर्डीवाला

अरे देवा. सकाळची पहिली: १. त्यानंतरची: ३. दहाच्या सुमाराला ७. काल दुपारी एका पट्टीच्या २३ नोंदी आहेत, फक्त मुनीमजींना यादीत वरच्या चारच दिसतात म्हणून ते चार म्हणत होते. ताई, तुम्हाला कसं कळलं?

धंतोलीची_मेघा

कारण मी स्वतः हे केलं आहे आणि एका शाळेच्या फीच्या पावत्यांवर केलं आहे, त्यामुळे आयुष्यभर विसरणार नाही. 😅

तुम्ही एंडकॉलबॅकच्या आत बटणाला क्लिक जोडता आहात. जेक्वेरीने ऑन क्लिक. प्रत्येक फेरीनंतर त्याच बटणावर तोच हँडलर, म्हणजे टिचकी पडल्यावर धावणारा कोड, आणखी एकदा चढतो. जुना उतरत नाही. दहा फेऱ्या झाल्या की एका टिचकीला दहा हँडलर धावतात आणि दहा नोंदी पडतात. पान रिफ्रेश केलं की पाटी कोरी, म्हणून सकाळी सगळं ठीक. तुमच्या मशिनवर तुम्ही एक पट्टी करून बघता आणि पान पुन्हा लोड करता, म्हणून तिथे "मक्खन".

बर्डीवाला

आत्ता कोड उघडला. तंतोतंत. "बाकीची जुळवाजुळव" म्हणून जे मी वर लिहिलं ती हीच. जुन्या एका प्रोजेक्टमध्ये बटण ग्रिडच्या (तक्त्याच्या) आत होतं. दर कॉलबॅकनंतर ग्रिड नव्याने रेखाटली जायची, जुनं बटणच नाहीसं व्हायचं, म्हणून क्लिक पुन्हा जोडावी लागायची. तो तुकडा इथे उचलून टाकला. इथे बटण शीटच्या बाहेर आहे, ते मरतच नाही. त्याच्यावर नुसते थर चढत गेले.

कोराडी_रोड

होळीच्या पोळीसारखे. पुरणावर पुरण.

तर्री_जास्त

पोळीत पुरण एकदाच असते बे. तू सावजीत जेवत जा, गोडाच्या उपमा जमत नाहीत तुले.

धंतोलीची_मेघा

उपाय: क्लिक पान तयार झाल्यावर एकदाच जोडा. उद्या बटण शीटच्या आत न्यावं लागलं तर ते जिच्या पोटात आहे त्या कायमच्या डिव्हीवर (पानावरच्या चौकटीवर) जोडा, म्हणजे आतलं बदललं तरी हँडलर टिकतो. आधी ऑफ (जुना काढायचा) मग ऑन (नवा जोडायचा) असंही काही जण करतात. चालतं, पण ते जखमेवर पट्टी.

तर्री_जास्त

शेतकऱ्याची पट्टी की जखमेची?

सदाशिवपेठी

एवढं रामायण कशाला? बटण दाबलं की ते निष्क्रिय करा आणि उत्तर आलं की पुन्हा सक्रिय. दुसरी टिचकी पडणारच नाही.

जुना_फॉर्मवाला

@सदाशिवपेठी, इथे टिचकी एकच पडते आहे आणि हँडलर तेवीस धावताहेत, त्यामुळे बटण बंद करून काही होणार नाही. पण करावं, दोनदा दाबायची सवय लोकांना असतेच. त्यावर विसंबू मात्र नये. मुनीमजी दोन टॅब उघडतील, नेट अडकलं म्हणून पान पुन्हा पाठवतील. खरं कुलूप सर्व्हरवर.

आणि ते कुलूपही नीट लावायचं. "पट्टी क्रमांकावर युनिक लावा", म्हणजे एकच क्रमांक डेटाबेस दुसऱ्यांदा घेणार नाही, असं कोणीतरी सांगेल. पण क्रमांक जर पक्की करतानाच सर्व्हर देत असेल तर तेवीस नोंदींना तेवीस वेगवेगळे क्रमांक मिळतील आणि युनिक बघत बसेल. कोरी पट्टी उघडतानाच तिला एक टोकन, म्हणजे फक्त तिचीच अशी खूण, दे, पक्की करताना ते सोबत पाठव, आणि युनिक त्या टोकनावर लाव. मग क्लायंटने शंभर वेळा पाठवलं तरी आत जाईल एकच.

बर्डीवाला

बरोब्बर, क्रमांक सर्व्हरच देतो. टोकनाचं आज रात्रीच करतो.

चकोर

थोडं अवांतर. कॉलबॅकला मराठीत "परतहाक" म्हणावं का?

कोराडी_रोड

परतहाक म्हणजे आई अंगणातून दुसऱ्यांदा बोलावते ते. त्यानंतर लाटणं येते.

चकोर

मग तर फारच अचूक आहे. हाक मारणारा पुढच्या कामाला लागतो, ओ कधी येईल सांगता येत नाही.

मृगबहार

वाचत होतो, लिहायची सवय नाही. आमची काटोलकडे बाग आहे, लहानपणापासून वडिलांसोबत कळमन्याला येत आलो आहे, आणि पोटापाण्याला फ्रंटएंड करतो. त्यामुळे हा धागा जणू माझ्यासाठीच निघाला.

शेवटच्या खान्याचा भाव जुना राहतो, त्याचं सांगतो. मुनीमजी भाव टाइप करतात आणि एंटर न दाबता माउस सरळ बटणावर नेतात. त्या क्षणी आकडा खान्यात नसतो, खान्यावर तरंगणाऱ्या लिहायच्या चौकटीत असतो. चौकट मिटली की आकडा शीटमध्ये उतरतो, मग तो सर्व्हरकडे निघतो, मग तिथल्या प्रतीला लागतो. तुझं बटण या तिन्ही पायऱ्यांच्या आधी सर्व्हरला सांगतं की "पक्की कर". सर्व्हर आपल्याकडच्या प्रतीतला जुना भाव पक्का करतो. त्याची काही चूक नाही.

बाजारात काट्यावर क्रेट ठेवली की आकडा नाचतो. २१.४, २२.१, २१.८. अनुभवी तोलणारा आकडा थांबेपर्यंत तोंड उघडत नाही. नवखा पोरगा पहिला आकडा ओरडतो आणि मग भांडण. तुझं बटण हे नवखं पोरगं आहे.

मी असं करतो: एक झेंडा ठेवायचा. सिंक सुरू झालं की "काटा हलतोय", सिंक संपलं की "काटा थांबला". बटण दाबलं की आधी चौकट मिटवायची, आणि काटा हलत असेल तर फक्त "पक्की करायची आहे" एवढं लक्षात ठेवून थांबायचं. काटा थांबल्याच्या इव्हेंटमध्ये ती आठवण पाहायची, असेल तर तेव्हा पक्की करायची आणि आठवण पुसायची. बेरजेलाही तेच. पाच खाने पटापट भरले तर पाच वेळा बेरीज मागू नये. शेवटच्या बदलानंतर साधारण ३०० मिलिसेकंद शांतता झाली की एकदाच.

जुना_फॉर्मवाला

वा. काटा मी चोरला, उद्या ऑफिसात शिकवताना वापरणार.

त्यात एक भर. दोन बेरजा वाटेत असतील तर आधी मागितलेली नंतर येऊन पोचू शकते, आणि मग पडद्यावर जुना आकडा बसतो. प्रत्येक मागणीला चढता अनुक्रमांक द्यायचा. उत्तर आलं आणि त्याचा अनुक्रमांक शेवटच्या मागणीचा नसेल तर ते टाकून द्यायचं.

आणि सर्व्हरहून क्लायंटला निरोप द्यायला तू जेएसप्रॉपर्टीज वापरत असशील, "सीपी" या दोन अक्षरांनी सुरू होणारी नावं. तो निरोप एंडकॉलबॅकमध्ये वाचून झाला की डिलीट कर. नाहीतर पुढच्या फेरीत सर्व्हर काहीच बोलला नाही तरी कालचा निरोप तिथेच पडलेला असतो, आणि तुझा कोड तो नवा समजून पुन्हा "पट्टी पक्की झाली" म्हणून नाचतो.

बर्डीवाला

हेही होत होतं!! मी मुनीमजींना म्हणालो होतो की तुम्हाला भास होतो. आता माफी मागायला हवी.

कोराडी_रोड

माझा अनुभव दुसऱ्या जातीचा. हँडसॉनटेबल वापरत होतो, ते पूर्ण ब्राउझरमध्येच चालतं. त्यात आफ्टरचेंज आहे, खाना बदलला की वाजतो. दोन गोष्टींनी घाम काढला. एक, सुरुवातीला डेटा भरला जातो तेव्हाही तो वाजतो, आणि तेव्हा बदलांची यादी नल असते, म्हणजे यादीच नसते. मी सरळ यादीवर फिरायला गेलो अन् पहिल्याच ओळीत धडपडलो. दुसरं, आफ्टरचेंजच्या आत मी दुसरा खाना बदलत होतो, त्यामुळे आफ्टरचेंज पुन्हा, मग पुन्हा, ब्राउझर असा तापला की मे महिन्यातलं नागपूर बरं.

त्याच्यात बदलासोबत उगमाचं नाव येतं: हाताने लिहिलं, पेस्ट केलं, ओढून भरलं, की डेटा लोड झाला. कोडमधून खाना बदलताना आपणही उगमाचं नाव द्यायचं, आणि इव्हेंटच्या सुरुवातीला "हे आपलंच आहे" असं दिसलं की परत फिरायचं. बर्डीवाल्या, तूही एंडकॉलबॅकच्या आत परफॉर्मकॉलबॅक (कोडमधून नवा कॉलबॅक सोडणं) करत असशील तर हीच गत. पोरगा आला की त्यालाच परत धाडायचं.

सदाशिवपेठी

तुमच्या पंचेचाळीस अंशांचा उल्लेख अद्याप आला नाही याचं आश्चर्य वाटत होतं.

कोराडी_रोड

आला ना भाऊ. तुमच्याकडे चाळीस झालं की बातमी होते, आमच्याकडे लग्नं होतात.

चकोर

शीटचा विषय निघालाच आहे तर बर्डीवाल्यांनी तारखा तपासून घ्याव्यात. क्लायंटवर तारीख टूआयएसओस्ट्रिंगने सर्व्हरकडे पाठवली तर ती यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, जाते. आपण साडेपाच तास पुढे. १६ तारीख सुरू होतानाची रात्री १२ ची वेळ तिकडे १५ तारखेची संध्याकाळचे साडेसहा होते. सर्व्हरने नुसती तारीख कापून घेतली की लिलाव आदल्या दिवशी झाला!

आणि जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून, एक्सेलच्या हिशेबात २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस आहे. तारखांवर कोणी विश्वास ठेवूच नये.

बर्डीवाला

तारीख सर्व्हरच टाकतो, वाचलो. आता उरली ती लाल एरर. ती कधी येते याचा मेळच लागत नाही. मुनीमजी म्हणतात, "जेवून आलो की येते."

धंतोलीची_मेघा

मेळ तर त्यांनीच लावून दिला की!

लिलाव आटोपला, दोघंही मुनीम जेवायला गेले, साइटला कोणीच हात लावत नाही. आयआयएस हा साइट चालवणारा मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर. त्याच्या अ‍ॅप्लिकेशन पूलचा रिकामं बसण्याचा ठरलेला वेळ २० मिनिटं असतो. तेवढ्यात एकही विनंती आली नाही की तुमची साइट चालवणारी प्रोसेस झोपते. तुमच्या शीटची प्रत सर्व्हरच्या मेमरीत उघडी आहे, ती प्रोसेसबरोबर गेली. मुनीमजी परत येऊन आकडा टाकतात, सर्व्हर म्हणतो कोणती शीट? शिवाय हाच पूल काही न करता दर १७४० मिनिटांनी, म्हणजे २९ तासांनी, आपोआप नव्याने सुरू होतो. आज सकाळी सहाला झाला तर उद्या अकराला, परवा दुपारी चारला. रोज पाच तास पुढे सरकतं, म्हणून लोकांना ते भूत वाटतं.

रिकामं बसण्याचा वेळ शून्य करा, म्हणजे ती झोपतच नाही. नव्याने सुरू होण्याची वेळ रात्री तीनची नेमून द्या. आणि तरी एरर येणारच असं धरून कॉलबॅकएरर इव्हेंट हाताळा: त्यात हँडल्ड ट्रू केलं की लाल अक्षरं दिसत नाहीत, त्या जागी तुम्ही माणसासारखं काहीतरी लिहू शकता. पण नुसती एरर लपवून थांबू नका. शीट दर मिनिटाला कुठेतरी जतन होत असेल तरच "पुन्हा उघडा" म्हणण्याला अर्थ आहे.

तर्री_जास्त

हे मात्र पूर्ण समजलं. दुकान उघडं ठेवून जेवायला जाऊ नये.

बर्डीवाला

(आठ दिवसांनी) मंडळी, अहवाल.

क्लिक एकदाच जोडली. टोकनावर युनिक लावलं. बेरीज आणि पक्की करणं दोन्ही सिंक संपल्याच्या इव्हेंटवर, मृगबहार यांच्या काट्याच्या झेंड्याने. एंडकॉलबॅकमध्ये आता फक्त सर्व्हरचा निरोप वाचतो आणि पुसतो, बाकी काहीही नाही. पूलची वेळ बदलली. आठ दिवसांत जास्तीची नोंद एकही नाही, लाल एरर एकदा आली, तीही नेट गेलं म्हणून.

एक गोष्ट मात्र फसली. चौकट मिटवण्यासाठी मी फोकस जबरदस्तीने बाहेर नेत होतो, तर मुनीमजींची टॅब मारत पुढे जायची लय तुटली आणि ते चिडले. आता फक्त बटणावर माउस दाबला जातो तेव्हाच फोकस नेतो. टॅबला हात लावत नाही.

मृगबहार

छान. पेस्ट करून बघितलं का? मुनीमजी व्हॉट्सअॅपवरून आलेले वीस भाव एकदम चिकटवतील तेव्हा काटा वीस वेळा हलतो की एकदा, ते पाहून घे.

बर्डीवाला

आज त्यांनी नेमकं तेच केलं. एकदाच हलला. पण त्यांनी भाव "४२ रु." असे चिकटवले, "रु." सकट, त्यामुळे बेरीज शून्य. म्हणाले, "बाबू, यंत्राला रुपया समजत नाही?"

जुना_फॉर्मवाला

त्यासाठी नवा धागा काढ. हा पुरे झाला.

तर्री_जास्त

मुनीमजींची वही बंद झाली का, ते नाही सांगितलं.

बर्डीवाला

नाही. शेजारी उघडीच असते. शीटवर पक्की केली की वहीत टिक करतात.